दोनशे साठ खांबांचा हिशेब : अहमदाबादची जामा मशीद



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक आग्रह तुमच्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष ऐकला असेल : आधी वस्तू नीट पाहा, मत नंतर द्या. तो आग्रह डोक्यात ठेवूनच मी आजचा विषय निवडला. मी एका मशिदीविषयी बोलणार आहे. ती महाराष्ट्रातली नाही, पण ज्या शहरात ती आहे त्या शहराचा कारभार मराठ्यांनी सुमारे साठ वर्षे पाहिला.

जुन्या मशिदीविषयी बोलू लागलो की आपल्याकडे ठरावीक प्रश्न पुढे येतात. इथे आधी काय होते? कोणी पाडले? ही शैली हिंदू की इस्लामी? हे प्रश्न टाळण्याजोगे नाहीत आणि मीही ते टाळणार नाही. पण तेच पहिले विचारले, तर उत्तर मिळते आणि इमारत बघायची राहून जाते. म्हणून आज मी क्रम बदलतो. पहिला प्रश्न कारागिराचा घेतो. त्याला काय बांधायला सांगितले होते, त्याच्या हाताशी काय होते, कुठे त्याची अडचण झाली आणि ती त्याने कशी सोडवली?

नवी राजधानी

गुजरातची सत्ता दिल्लीच्या तुघलकांच्या हातून सुटली ती त्यांच्याच सुभेदारामुळे. जफरखान १४०७ मध्ये मुजफ्फरशाह या नावाने स्वतंत्र सुलतान झाला. राजधानी अनहिलवाड पाटण, म्हणजे सोलंकी राजांचीच जुनी राजधानी. त्याचा नातू अहमदशाह १४११ मध्ये गादीवर आला आणि त्याच वर्षी त्याने साबरमतीच्या पूर्वतीरावर, आशावल या जुन्या वस्तीलगत, नवे शहर वसवायला घेतले. नदीकाठी भद्रचा किल्ला, त्याच्यापुढे पूर्वेला मोठे मैदान, मैदानाच्या टोकाला तीन कमानींचा तीन दरवाजा, आणि तिथून सरळ पुढे गेलेला रस्ता. या रस्त्याच्या दक्षिणेला जामा मशीद आहे. मशिदीच्या पूर्वेला अहमदशाहाची कबर, म्हणजे बादशाहनो हजीरो, आणि त्याच्याही पुढे राण्यांच्या कबरींचा राणीनो हजीरो. लगत माणेक चौक. दिवसा सराफांचा आणि रात्री खवय्यांचा हा चौक आजही तेवढाच गजबजलेला असतो.

नकाशावर हा क्रम पाहिला की नगररचनेचा हेतू कळतो. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला सुलतान किल्ल्यातून निघणार, मैदान ओलांडून तीन दरवाजातून शहरात येणार आणि मशिदीत दाखल होणार. जुम्म्याच्या खुत्ब्यात, म्हणजे प्रवचनात, राज्यकर्त्याचे नाव घेतले जाई. नाण्यावर नाव आणि खुत्ब्यात नाव, ही त्या काळी सार्वभौमत्वाची दोन चिन्हे. तेव्हा जामा मशीद हे नमाजाचे ठिकाण तर होतेच, शिवाय नव्या घराण्याचे राजेपण दर आठवड्याला जाहीर होण्याचेही ते ठिकाण होते. राजधानीला शोभेल एवढी ती मोठी असणे भाग होते.

मशिदीच्या मुख्य मिहराबावरच्या, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावरच्या, लेखात ती पुरी झाल्याची तारीख आहे : हिजरी ८२७ च्या सफर महिन्याची पहिली तारीख, म्हणजे ४ जानेवारी १४२४. शहराचा पाया घातल्यापासून तेरा वर्षांच्या आत एवढे काम उभे राहिले. परक्या मुलखातून गवंडी आणून, त्यांना इथल्या दगडाची ओळख करून देत असा वेग साधत नाही. ज्या प्रदेशात शतकानुशतके दगड घडवणारी घराणी आहेत, तिथेच तो साधतो.

खांब, तुळई आणि घुमट

आता अडचणीकडे येऊ. मशिदीची मागणी देवळाच्या नेमकी उलट असते. देवळात गर्भगृह लहान आणि अंधारे असते, भक्त एकेकटा किंवा थोड्या संख्येने आत जातो. मशिदीत शेकडो माणसे एकाच वेळी, रांगा करून, एकाच भिंतीकडे तोंड करून उभी राहतात. अहमदाबादेत ती भिंत पश्चिमेची. तेव्हा दालन रुंद हवे, भिंत लांब हवी आणि आत उजेड हवा.

गुजरातच्या सूत्रधारांची, म्हणजे मुख्य स्थपतींची, परंपरा मात्र खांब आणि तुळईची. दोन उभे दगड, त्यांवर एक आडवा. आपल्याकडे सिन्नरचा गोंदेश्वर किंवा कोणतेही हेमाडपंती देऊळ ज्याने पाहिले आहे, त्याला ही पद्धत समजावून सांगायला नको. तिची एक मर्यादा आहे. दगड दाब उत्तम सोसतो, पण आडवा ठेवून मधे भार दिला तर लवकर मोडतो. तुळईची लांबी फार वाढवता येत नाही. खांब जवळजवळच उभे करावे लागतात.

या मशिदीच्या नमाजाच्या दालनाचे माप वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसनने २१० फूट बाय ९५ फूट असे दिले आहे, म्हणजे जवळजवळ वीस हजार चौरस फूट. आत खांब आहेत २६०. भागाकार केला तर सरासरी एका खांबाच्या वाट्याला सत्त्याहत्तर चौरस फूट येतात, म्हणजे पावणेनऊ फुटांचा एक चौरस. तुळईची सारी मर्यादा या एका आकड्यात दिसते. एवढ्या खांबांची गर्दी असेल तर माणसाला आपण एका मोठ्या जागेत आहोत असे वाटणार कसे?

सूत्रधाराने त्यावर जो तोडगा काढला तो जुनाच, पण नव्या प्रमाणावर वापरलेला. चौकोनाच्या प्रत्येक बाजूला चार याप्रमाणे बारा खांब घ्यायचे, मधले चार काढून टाकायचे, आणि कोपऱ्यांवर तिरप्या तुळया टाकून चौकोनाचा अष्टकोन करायचा. अष्टकोनावर दगडाची कडी, तिच्यावर थोडी आत सरकवलेली दुसरी, तिच्यावर तिसरी. अशा आडव्या थरांनी वर मिटत जाणारा घुमट तयार होतो. सोलंकी काळातल्या रंगमंडपांचे छत असेच केलेले आहे. या घुमटाची खुबी अशी की तो खऱ्या कमानीसारखा बाहेर रेटत नाही. भार बहुतांशी सरळ खाली उतरतो. म्हणून सडपातळ खांबही त्याला पुरतात.

देवळात असा मंडप एक असतो, फार तर दोन-तीन. इथे एकूण पंधरा घुमट आहेत. पश्चिमेच्या भिंतीत पाच मिहराब, आणि प्रत्येक मिहराबासमोर ओळीने तीन घुमट. मंडपाला एकक मानून तो पाच गुणिले तीन असा मांडलेला आहे. खांबांच्या गर्दीत त्यामुळे पंधरा मोकळ्या जागा तयार झाल्या. आत चालताना माणूस खांबांच्या दाटीतून मोकळ्यावर आणि मोकळ्यावरून पुन्हा दाटीत येतो, आणि समोर पाहिले की कुठला ना कुठला मिहराब नजरेच्या रेषेत असतो. दिशेचा गोंधळ होत नाही. मागणी मशिदीची होती, उत्तर मंडपाच्या शास्त्रातून काढले.

उजेडाचा प्रश्न

दुसरी अडचण उजेडाची. पंच्याण्णव फूट खोल दालन, वर सपाट छत आणि घुमट, पश्चिमेला भिंत. पुढच्या बाजूने येणारा उजेड मागच्या भिंतीपर्यंत पोचता पोचता मंदावणार. घुमटाला भोके पाडली तर गुजरातचा उन्हाळा थेट डोक्यावर येणार.

इथे बांधणाऱ्याने दालनाची उंची बदलली. मधला भाग सर्वांत उंच नेला, दोन्ही बाजूंचे भाग टप्प्याटप्प्याने उतरते ठेवले. मधल्या दालनाभोवती वर सज्जे केले. सज्ज्यांना बाहेरून भिंत नाही, खांब आणि दगडी जाळ्या आहेत. ऊन आधी शेजारच्या बुटक्या भागाच्या गच्चीवर पडते, तिथून परतून जाळीतून आत शिरते. सूर्यकिरण सरळ आत येत नाही, त्याचा उजेड येतो. हवा खेळती राहते आणि पावसाचा मारा आत पोचत नाही. फर्ग्युसनला या रचनेचे विशेष कौतुक वाटले होते, आणि आकाराने प्रचंड नसूनही पूर्वेकडच्या सर्वांत देखण्या मशिदींत त्याने हिची गणना केली.

दालनाच्या उत्तर टोकाला उंचावर जाळीने वेढलेला एक भाग आहे. त्याला मुलूखखाना म्हणतात. राजघराण्यातल्या मंडळींना नमाजासाठी केलेली ही वेगळी जागा. जाळी तिथे उजेडाबरोबर आडोशाचेही काम करते. जाळीची ही कला पुढे दीडशे वर्षे याच शहरात वाढत गेली आणि १५७२-७३ च्या सिदी सैयद मशिदीत तिने परमोच्च बिंदू गाठला. त्या जाळीतले झाड आज अहमदाबादची खूण बनून गेले आहे. त्या झाडाची मुळे या जामा मशिदीत आहेत.

दर्शनी भिंत आणि मनोरे

तिसरी अडचण थोडी वेगळी, दिसण्याची होती. खांबांचे दालन बाहेरून पाहिले तर सभामंडपासारखेच दिसते. दिल्लीच्या कुतुबजवळच्या मशिदीपासून खांबांच्या दालनापुढे उंच कमानींचा पडदा उभारण्याची रीत रूढ झाली होती. खंबायतच्या १३२५ च्या जामा मशिदीत ती गुजरातेत आली. तिथे पडदा दालनाच्या पूर्ण रुंदीवर उभा राहतो आणि मागचे खांब झाकून टाकतो.

अहमदाबादेत तसे केले नाही. कमानींची भिंत फक्त मधल्या भागापुढे आहे. दोन्ही बाजूंचे पंख उघडेच ठेवले, तिथे खांबांच्या रांगा अंगणातून स्पष्ट दिसतात. मधली कमान मात्र उंच आणि रुंद. खरी कमान बाहेर रेटते, तिला दोन्ही बाजूंनी वजनदार आधार लागतो. तो आधार मनोऱ्यांच्या भक्कम बुंध्यांनी दिला. म्हणजे मनोरा दिमाखासाठी आहे हे खरे, पण त्याचा बुंधा कमानीला सावरण्याचेही काम करतो. आणि कमानीतून आत नजर टाकली की मागे खांब व तुळया दिसतात. बांधकामाच्या दोन रीती, एकमेकींना न लपवता, समोरासमोर उभ्या आहेत.

या बुंध्यांवरची कोरीव नक्षी जवळ जाऊन पाहण्यासारखी आहे. देवळाच्या बाह्यभिंतीवर जसे आडवे थर, कंगोरे आणि देवकोष्ठे असतात, तशीच सगळी मांडणी इथे आहे. देवकोष्ठात मूर्ती तेवढी नाही. तिच्या जागी वेल आहे, झाड आहे, साखळीने टांगलेला दिवा आहे. कारागिराचा हात तोच, व्याकरण तेच, मजकूर बदललेला.

आधीचे काय?

आता मागे ठेवलेल्या प्रश्नाकडे येतो. गुजरातच्या सुरुवातीच्या मशिदींत देवळांचे खांब वापरले गेले, हे उघड सत्य आहे. भद्रजवळच्या अहमदशाहाच्या १४१४ च्या छोट्या मशिदीत एका खांबावर १२५२ या सालचा देवनागरी लेख आजही आहे. देवळे पाडली गेली, त्यांचे दगड मशिदींत गेले. हा इतिहास सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही, आणि ज्यांची देवळे गेली त्यांच्या दुःखाला कलेचा उतारा देणेही बरे नव्हे.

पण इतिहास तिथेच थांबत नाही. १२६४ साली, वाघेला राजा अर्जुनदेव याच्या कारकिर्दीत, होर्मुझचा नूरुद्दीन फिरोज नावाचा नाखुदा, म्हणजे जहाजमालक, सोमनाथ पाटण येथे मशीद बांधतो. तिच्या खर्चासाठी दिलेल्या दानाचा लेख संस्कृतात आणि अरबीत आहे, आणि संस्कृत लेखात परमेश्वराला विश्वनाथ म्हटले आहे. हिंदू राजाच्या राज्यात, स्थानिक पुढाऱ्यांच्या संमतीने ही मशीद उभी राहिली. म्हणजे गुजराती कारागिराला मशीद ही गोष्ट तलवारीबरोबरच ठाऊक झाली असे नाही. बंदरावरच्या व्यापाऱ्याने ती आधीच त्याच्या दारी आणली होती.

याहून मोलाचा पुरावा एका शिल्पग्रंथात आहे. ‘वृक्षार्णव’ हा पश्चिम भारतातल्या सूत्रधारांचा संस्कृत ग्रंथ, साधारण पंधराव्या शतकातला. त्यात एक प्रकरण ‘रहमाणप्रासाद’ या नावाचे आहे. शिव, विष्णू, जिन यांचे प्रासाद कसे बांधावेत हे सांगणाऱ्या परंपरेने रहमानचा प्रासाद कसा बांधावा हेही नियमबद्ध केले. मूर्ती नसलेल्या देवाचे घर म्हणून मशिदीला शास्त्रात जागा दिली. हुकमाखाली राबणारा मजूर ग्रंथ लिहीत बसत नाही. ग्रंथ तो लिहितो, ज्याला हे काम आपल्या विद्येचा भाग वाटते आणि ते आपल्या पोराबाळांना शिकवायचे असते.

एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी अशा इमारतींची फाळणी केली. हा भाग हिंदू, तो भाग इस्लामी. फर्ग्युसन, आणि त्याच्यामागून अहमदाबादच्या वास्तूंची तपशीलवार पाहणी करणारा जेम्स बर्जेस, दोघांचेही ऋण मोठे आहे. मापे, आराखडे, रेखाटने त्यांनी ठेवली म्हणून आज मी तुमच्यापुढे आकडे मांडू शकतो. पण त्यांच्या वर्गवारीत सूत्रधार स्वतः कुठे बसतो? तो हिंदू किंवा जैन घराण्यातला, शिक्षण रंगमंडपाचे, गिऱ्हाईक सुलतान, ग्रंथात प्रकरण रहमानचे. त्याच्यासाठी हे दोन वेगळे कप्पे नव्हते. त्याच्यापुढे एक काम होते आणि ते चोख करायचे होते.

भूकंप

आज मशिदीत गेलात तर मनोरे दिसणार नाहीत, फक्त कमानीच्या दोन्ही बाजूंचे बुंधे दिसतील. १६ जून १८१९ च्या कच्छच्या भूकंपाने मनोरे पाडले. त्याआधी जेम्स फोर्ब्स या इंग्रज अधिकाऱ्याने १७८१ मध्ये ते पाहिले होते. एका मनोऱ्याच्या वरच्या सज्ज्यात जोर लावला की दोन्ही मनोरे हलत आणि मधले छत मात्र स्थिर राही, असे त्याने लिहून ठेवले आहे. शहरातले सिदी बशीरचे झुलते मिनार आजही प्रसिद्ध आहेत. जामा मशिदीचे मनोरे त्यांचेच वडीलधारे.

ते कसे दिसत असतील याची कल्पना करायची असेल तर चांपानेरला जावे. महमूद बेगड्याच्या राजधानीतली तिथली जामा मशीद अहमदाबादच्याच घडणीची पुढची पायरी आहे, आणि तिचे मनोरे सुमारे तीस मीटर उंचीचे, अजून उभे आहेत. मनोरे पडले तरी अहमदाबादचे दालन टिकले, हे मात्र लक्षात घ्यावे. पंधराही घुमट एकमेकांना धरून, बुटके, भार खाली उतरवणारे. मनोरा एकटा आणि उंच. भूकंपाने इमारतीची परीक्षा घेतली आणि जुनी मंडपाची रीत त्या परीक्षेत उतरली.

मराठ्यांचे अहमदाबाद

शेवटी आपल्या स्वतःच्या दाराशी येतो. १७५३ मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतले. मधे खंबायतच्या नवाब मोमीनखानाने ते परत मिळवले, १७५८ मध्ये ते पुन्हा मराठ्यांकडे आले. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात १७८० साली जनरल गॉडर्डने शहर जिंकले, सालबाईच्या तहानंतर ते परत मिळाले, आणि १८१७-१८ मध्ये ते कायमचे इंग्रजांकडे गेले. पेशवे आणि गायकवाड यांनी शहराचा महसूल आपसांत वाटून घेतला होता. या काळात शहराची भरभराट झाली असे कोणी म्हणणार नाही. वस्ती ओसरली, व्यापार खंगला, दुहेरी अंमलाचा जाच लोकांनी सोसला. हेही आपण मोकळेपणाने बोलले पाहिजे. दुसऱ्यांच्या इतिहासातले जुलूम मोजताना जी पट्टी वापरतो, तीच आपल्याला लावायची.

पण याच अमलातला एक दगड तीन दरवाजावर आहे, मशिदीपासून हाकेच्या अंतरावर. १८१२ साली मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने तिथे देवनागरीत हुकूम कोरून घेतला : मुलीला बापाच्या मालमत्तेतला वाटा विनातक्रार मिळावा. जो मोडील तो हिंदू असेल तर महादेवाला जाब देईल, मुसलमान असेल तर अल्लाला वा रसूलला. अहमदशाहाच्या कमानीवर मराठी सुभेदाराचा हुकूम, आणि त्यात शहरातल्या दोन्ही समाजांना आपापल्या देवाची आण. कारभाऱ्याने शहर जसे होते तसे मानले आणि त्याला समजेल अशा भाषेत कायदा सांगितला. त्याच्या सुमारे चारशे वर्षे आधी सूत्रधाराने दगडात जे केले होते, त्याच्याशी याची जातकुळी जुळते.

जुलै २०१७ मध्ये अहमदाबादच्या तटबंदीतल्या जुन्या शहराला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. भारतातले हा मान मिळालेले ते पहिले शहर. मान मिळतो तेव्हा पाट्या लागतात, पर्यटक येतात, छायाचित्रे निघतात. त्याला माझी हरकत नाही. पण वारसा म्हणजे केवळ देखणेपण नव्हे. तो प्रश्न सोडवण्याची रीतही असतो. तुळईची लांबी कमी पडते म्हणून मंडप गुणायचा, ऊन टाळून उजेड घ्यायचा, कमानीचा रेटा मनोऱ्याच्या बुंध्याने अडवायचा : हे सगळे निर्णय आहेत, आणि ज्यांनी ते घेतले त्यांची नावे मिहराबावरच्या लेखात नाहीत. तिथे सुलतानाचे नाव आहे. कारागिरांची ओळख त्यांच्या निर्णयांतूनच होऊ शकते, आणि निर्णय वाचायचे तर मोजपट्टी घेऊन इमारतीत उतरावे लागते.

मराठी अभ्यासकांसाठी इथे आणखी एक काम आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात गुजरातच्या कारभाराचे मोडी कागद आहेत. महसूल, नेमणुका, तंटे, देणग्या असा शहराचा रोजचा संसार अशा कागदांत असतो. गुजराती आणि फारसी जाणणारे अभ्यासक अहमदाबादेत आहेत. मोडी जाणणारे आपल्याकडे आहेत, पण त्यांतले फार थोडे वास्तूंकडे वळतात. आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलामुलींनी मोडी शिकावी आणि इतिहास शिकणाऱ्यांनी तुळईचे गणित शिकावे, एवढीच माझी मागणी आहे. मराठ्यांच्या साठ वर्षांत या शहराचे आणि त्याच्या इमारतींचे काय झाले, याचे उत्तर दुसरे कोणी आपल्याला आणून देणार नाही. ते आपल्याच दफ्तरातून काढायचे आहे, आणि जे निघेल ते सोयीचे असो वा गैरसोयीचे, जसेच्या तसे छापायचे आहे. आज ज्यांचे स्मरण आपण करतो आहोत, त्यांना या कामाहून दुसरी श्रद्धांजली रुचली नसती, असे मला वाटते.